गुरुवारी मी जाणार नाही

सगळ्यांची ताटं वाढून झाली, अक्कांनी आणलेली फळांची टोपली टेबलाच्या कडेला सरकवून झाली आणि मग मास्तरीण खाली बसता बसता म्हणाली, "गुरुवारी मी जाणार नाही. आता पुरे झालं."

आवाज इतका साधा होता की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. अक्कांनी विचारलं, कुठे जाणार नाहीस? तिने सुपात पाव बुडवत सांगितलं की हॉस्पिटलात, केमोला.

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. अर्ध्या वस्तीला गाडी चालवायला शिकवल्यामुळे लोक तिला मास्तरीणबाई म्हणत. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत बसायचा म्हणून त्याला म्हणत चष्मेवाले. घरातही ती नावं इतकी रुळली होती की खऱ्या नावाने हाक आली तर दोघं दचकत. चष्मेवाल्याला आत्ता मात्र कुठल्याच नावाने हाक मारायचं सुचेना. आदल्या रात्री तिच्याच शेजारी झोपला होता तो. तिने चकार शब्द काढला नव्हता.

छातीतली गाठ सापडली तेव्हा थंडी होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आधी औषधाने गाठ लहान करू, मग ऑपरेशन. पहिल्या औषधाचा रंग लाल सरबतासारखा होता आणि त्याने तिला पार झोपवलं होतं. केस गेले, भुवया गेल्या, तोंड आलं, पाण्यालासुद्धा पत्र्याची चव यायला लागली. ते संपलं आणि दुसरं औषध सुरू झालं, दर गुरुवारी सलाइनमधून. हे सोपं जाईल असं सगळे म्हणाले होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते सोपं दिसतही होतं. ती पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहायला लागली होती. वाट अर्धी सरली होती.

अक्कांनी चमचा खाली ठेवला. चष्मेवाल्याची ही थोरली बहीण मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, पण त्यांच्या लेखी शाळा अजून सुटलेली नव्हती. त्यांनी शांतपणे सुरुवात केली. अर्धा डोस म्हणजे शून्य डोस, रोग डोकं वर काढतो, दोन मुली आहेत, धाकटी अजून दहाची नाही, आणि इतकं सोसल्यावर काठाशी येऊन बुडायचं का, असं सगळं त्या ओळीने बोलल्या. बोलणं खरं होतं. पण प्रत्येक वाक्याबरोबर टेबलावर एक बोट आपटत होतं.

"अक्का," मास्तरीण म्हणाली, "मी तुमच्या वर्गात नाहीये."

तेवढ्यात मावशीने उडी घेतली. मास्तरणीची ही धाकटी बहीण, केस कापायचं दुकान चालवायची. ताईचे केस गळायला लागले तेव्हा दुकान बंद करून तिनेच मशीन फिरवलं होतं, आणि मग आरशावर टॉवेल टाकून दोघी किती तरी वेळ बसल्या होत्या. शरीर ताईचं आहे, ती म्हणाली, आणि उलट्यांचं भांडं ज्यांनी धरलं नाही त्यांनी डोसांचा हिशोब शिकवू नये. हा टोला अक्कांना होता. पहिल्या औषधाच्या दिवसांत अक्का आपल्या मुलाकडे परगावी होत्या आणि ते त्यांनाही खुपत होतं. घर बदलण्यावरून गेल्या वर्षी जुंपली तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त तिसऱ्याच्या तोंडून बोलत. आता थेट बोलायला लागल्या ते भांडायलाच.

धाकटीने मान वर करून विचारलं, "आई बरी झाली का? म्हणून जाणार नाही?"

चष्मेवाल्याला वाटलं आपण काही तरी बोलायला हवं. गेले काही दिवस तो रोज सकाळी तिच्या स्वेटरची बटणं लावून देत होता. तिच्या बोटांना ती लागत नव्हती. अशक्तपणा आहे, असं ती म्हणाली होती आणि त्याने ते मानून घेतलं होतं. मानून घ्यायला सोपं होतं म्हणून. दुकानात माणूस समोर बसला की तो दहा वेळा विचारायचा, हे स्पष्ट दिसतंय की ते, आता की मघाशी. घरी त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

टेबलाच्या टोकाला त्याची आई, सासूबाई, निवांत जेवत होत्या. "तिला आधी खाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उपाशी माणसाशी वाद घालू नये."

मावशीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आजवर सासूबाईंनी कुठल्याही बाबतीत ताईची बाजू घेतली नव्हती. अक्काही आईकडे बघत राहिल्या. आणि त्या गडबडीत थोरली लेक ताटावरून उठून मागच्या दाराने बाहेर गेली हे एकट्या सासूबाईंनाच दिसलं.

*

मागच्या अंगणात शिकवणीची गाडी उभी होती. छपरावर शिकाऊचा फलक, आणि आत मास्तरणीच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच. थोरली चालवणाऱ्याच्या जागेवर बसली आणि तिने दार ओढून घेतलं. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. परवाना मिळाला की दर गुरुवारी आईला आपणच न्यायचं, बाबांना दुकान बंद करायला लावायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

मागचं दार उघडलं. आजी एक पाय आत, मग काठी, मग दुसरा पाय अशी बेतानेच आत आली आणि मागच्या सीटवर टेकली.

"कुठे निघालीस?" आजीने विचारलं.

"कुठेच नाही."

"मग मीही येते."

थोरलीला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. आजीने तिला रडू दिलं. नातीचं बालपण आजीच्या मांडीवरच गेलं होतं, कारण तिची आई दिवसभर लोकांच्या शेजारी बसून त्यांना वळणं शिकवत असे. ही रडताना मध्ये बोललेलं हिला चालत नाही, हे आजीला ठाऊक होतं.

"आजी, आई माझ्यामुळे सोडतेय," थोरली शेवटी म्हणाली.

मग तिने सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी आई तिला घेऊन बाहेर पडली होती. हल्ली बाकीचे विद्यार्थी आईने दुसऱ्या मास्तरांकडे सोपवले होते. फक्त थोरलीला तीच शिकवायची, आणि तेही बरं वाटेल त्या दिवशी. शाळेच्या मागचा उतार उतरून तिठ्यावर थांबायचं होतं. डावीकडून एक माणूस सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता, मागे खोक्यांची चळत बांधलेली. थोरलीने ब्रेक दाबला, असं तिला वाटलं. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे झेपावली. पाय चुकीच्या पेडलवर होता. असं झालं तर आई तिच्या बाजूचा ब्रेक लावते, हे तिला माहीत होतं. आईने आजवर शेकडो वेळा लावला होता. पण काही झालं नाही. तिने पाहिलं, आई खाली आपल्या पायाकडे बघत होती. पाय ब्रेकवर नव्हता. शेजारी, रबरी चटईवर होता, आणि आई तीच चटई जिवाच्या आकांताने दाबत होती.

"मग?"

"मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. तो माणूस सायकल टाकून बाजूला उडाला आणि खोकी सगळी रस्त्यावर. लागलं नाही कुणाला. आई उतरली, त्याची खोकी उचलून दिली, त्याची माफी मागितली. मग गाडीत बसली आणि म्हणाली, घरी बोलायचं नाही."

सासूबाई काठीच्या मुठीवर हात ठेवून ऐकत होत्या. सून घरात आली तेव्हा बाईमाणसाने असली कामं करू नयेत, असं त्या चारचौघांत बोलल्या होत्या. पुढे तिच्या कमाईवर आणि तिच्या हिमतीवर घर कसं उभं राहिलं हेही त्यांनीच पाहिलं. पण पहिलं बोललेलं परत घ्यायची वेळ कधी आली नाही, किंवा त्यांनी येऊ दिली नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आता सून नव्हती. खाली वाकून आपल्याच पायाकडे बघणारी एक बाई होती. म्हाताऱ्या माणसाला तसं बघावं लागतं. तिच्या वयाला नाही.

"मी चुकीचं दाबलं नसतं तर हे झालंच नसतं," थोरली म्हणाली.

"वेडी आहेस. शिकणारा चुकणारच. तुझ्या आईचं पोट त्यावर चालतं." सासूबाईंनी पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण हे तू आत येऊन सांग. मी सांगितलं तर ती चहाडी होईल."

"आई चिडेल."

"चिडू दे. चिडायला ताकद लागते. बघू तरी आहे का."

*

त्या दोघी आत आल्या तेव्हा भांडणाने नवं वळण घेतलं होतं. अक्का म्हणत होत्या की त्या स्वतः गुरुवारी येऊन तिला हाताला धरून नेतील, आणि मावशी म्हणत होती की मग तिला माझ्या अंगावरून न्यावं लागेल. चष्मेवाला मध्ये बसून पाण्याचा पेला फिरवत होता. मास्तरणीने सूप संपवलं होतं. ती त्या गलक्यापासून लांब कुठे तरी होती.

थोरली टेबलाशी उभी राहिली आणि आजीने तिचा हात धरून ठेवला. तिने शुक्रवारचं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी न रडता, आणि आईकडे न बघता.

पहिली उसळली ती मावशी. ताई असल्या तब्येतीत गाडी घेऊन बाहेर पडते म्हणजे काय, पोरीला शेजारी बसवून, एखाद्याचा जीव गेला असता तर काय केलं असतं, मला का नाही सांगितलंस, मी रोज येते, तुझं डोकं मी धुते. मघाशी हिच्या बाजूने लढणारी हीच का, असं वाटावं इतकी ती संतापली होती. आणि अक्का, मघापर्यंत टेबलावर बोट आपटणाऱ्या अक्का, म्हणाल्या, "जरा थांब. तिचं ऐकू या आधी. आपण मघापासून नुसते बोलतोय."

मास्तरीण थोरलीकडे बघत होती. चिडली नव्हती. उलट खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यावर माणूस बसतो तशी ती बसली होती.

"तुझी चूक नव्हती," ती थोरलीला म्हणाली. "चुकीचं पेडल सगळे दाबतात. म्हणून तर मी शेजारी बसते. त्या दिवशी मी नुसती बसले होते, एवढंच."

मग ती बोलत गेली. नवीन औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग तळपायाखाली कापूस घातल्यासारखं वाटायला लागलं. आता तर डोळे मिटून उभं राहिलं की जमीन कुठे आहे ते कळत नाही. हाताच्या बोटांचंही तसंच. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, आणि ती दर वेळी ठीक आहे म्हणायची. सांगितलं तर औषध बंद करतील, गाठ पुन्हा वाढेल, ही भीती होती. शुक्रवारनंतर भीती उलटी फिरली. ती गेली तीस वर्षं पायांनी ऐकत आली होती. इंजिन कुठे गुदमरतंय, क्लच कुठे धरतोय, शेजारच्याचा पाय थरथरतोय का, सगळं तळव्यातून कळायचं. ते गेलं तर उरलं काय? बाईच्या शरीरातलं एक एक द्यायला ती तयार झाली होती. केस दिले, छातीही देणार होती. पण पाय द्यायचं तिच्याच्याने होईना.

"म्हणजे आधी औषध थांबेल म्हणून बोलली नाहीस," अक्का हळूच म्हणाल्या, "आणि आता तूच थांबवतेयस."

"हो. कळतंय मला ते. हसू नका."

हसलं कुणीच नव्हतं. मावशी उठून ताईच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने रुमाल बांधलेल्या त्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

चष्मेवाल्याने पेला खाली ठेवला. "डॉक्टरांना सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"दुकानात एक गृहस्थ यायचे. चष्म्याने डोकं दुखतं म्हणून त्यांनी चष्माच सोडला. वर्षभर ठेचकाळत फिरले. नंबर चुकला होता, बाकी काही नाही." तो थांबला. इतकं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "मी विचारायला हवं होतं तुला. बटणं लावताना रोज मनात यायचं. पण तू काय सांगशील याची भीती वाटायची. उद्या आपण जाऊ. गुरुवारची वाट नको. तू त्यांना सगळं सांग. त्या म्हणाल्या थांबवा, तर थांबवू. नाही तर दुसरं काही असेल. पण हे आपल्या जेवणाच्या टेबलावर ठरायचं नाही."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने अक्कांच्या देखत शेवटचा शब्द उच्चारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अक्कांनी भावाकडे पाहिलं आणि फळांच्या टोपलीतलं एक सफरचंद काढून त्या चुपचाप कापायला लागल्या.

मास्तरणीने विचारलं, "उद्या तुझं दुकान?"

"बंद."

*

सोमवारी निघताना अक्का आणि मावशी दोघी गाडीत आधीच बसलेल्या होत्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. थोरलीही कॉलेज बुडवून आली. दारात सासूबाईंनी बजावलं की फोन करायचा नाही, आला तरी त्या उचलणार नाहीत, जे काय असेल ते समोर येऊन सांगायचं.

डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती, म्हणून तोंडाला पट्टी होती आणि फक्त डोळे दिसत होते. मास्तरणीने सगळं सांगितलं. मुंग्या, कापूस, बटणं, तिठा, सायकलवाला. सांगताना तिला शाळकरी मुलीसारखं वाटत होतं. चष्मेवाला शेजारी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावर बसवून मोजे काढायला लावले. डोळे मिटायला सांगून तिच्या पायाच्या बोटांना कापूस लावला, मग बोथट सुई, मग थरथरणारा धातूचा चिमटा. कळलं का? नाही. आता? नाही. घोट्याच्या वर आल्यावर पहिल्यांदा ती हो म्हणाली. तो हो ऐकून शेजारी चष्मेवाल्याने श्वास सोडल्याचा आवाज आला.

"हे तुम्ही मला दर गुरुवारी सांगायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावून नाही, पण सोडूनही दिलं नाही. "या औषधाने हे होतं. पुष्कळांना होतं. आम्ही डोस कमी करतो, मध्ये थांबतो, कधी औषध बदलतो. तुम्ही लपवलंत म्हणून मागचे गुरुवार तसेच गेले आणि आता हाही जाणार."

पाय परत येतील का, असं मास्तरणीने विचारलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. बहुतेकांचे येतात, म्हणाल्या, पण सावकाश, महिने लागतात, आणि कधी कधी थोडी बधिरता मागे राहते. तोवर गाडीला हात लावायचा नाही, ना इकडच्या पेडलला ना तिकडच्या. या आठवड्यात औषध नाही. पुढचं काय ते तपासून ठरवू. आणि आलाच आहात तर गाठही बघून घेते.

मास्तरीण आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. हे तिला पाठ झालं होतं. गार बोटं, मग ठरलेल्या जागी दाब, मग आकडा. पण बोटं त्या जागेवरून पुढे गेली. परत आली. पुन्हा गेली. वाढलीय, मास्तरणीच्या मनात आलं, पसरलीय, म्हणून सापडत नाहीये कुठे संपते ते.

"तुमची गाठ कुठे होती ते तुम्ही दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने हात नेला. त्या जागेला तिने थंडीपासून हात लावला नव्हता. अंघोळीतसुद्धा ती साबण वळसा घालून न्यायची. आता तिने बोटं टेकवली, आणि आपल्या बोटांना हल्ली काही कळत नाही हे आठवून ती घाबरी झाली. "मला लागत नाहीये," ती म्हणाली. "पण माझी बोटं..."

"मलाही लागत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि माझी बोटं ठीक आहेत."

त्यांनी लगेच सोनोग्राफीला पाठवलं. अंधाऱ्या खोलीत एक तरुण मुलगी बराच वेळ जेल लावलेलं यंत्र फिरवत राहिली, मग आपल्या वरिष्ठांना बोलावून आणलं, मग दोघींनी मिळून शोधलं. सुरुवातीला तपासणीचा तुकडा काढताना खूण म्हणून आत धातूचा एक कण ठेवला होता. तो दिसत होता. त्याच्या भोवती जे असायला हवं होतं ते दिसत नव्हतं.

परत खाली आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि तोंडाची पट्टी खाली ओढली. त्यांचं नाक लाल झालं होतं. त्या म्हणाल्या की औषधाने काम केलंय, अपेक्षेपेक्षा चांगलं. आत काही कण उरलेत का ते ऑपरेशननंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच कळेल, त्यामुळे ऑपरेशन होणारच, आणि उरलेलं औषध, बेताने, दुसऱ्या प्रकारचं, तेही होणार. पण आज तरी त्यांच्याकडे वाईट सांगण्यासारखं काही नाही.

"म्हणजे मी काल सोडलं असतं तर?" मास्तरणीने विचारलं.

"काल सोडलं नाहीत ना. आज येऊन सांगितलंत. पुढच्या वेळी लवकर सांगा."

बाहेर प्रतीक्षागृहात अक्का आणि मावशी एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये थोरली. चष्मेवाला दारातून बाहेर आला आणि त्याला बोलताच येईना. त्याचे ओठ हलत होते. त्याचा चेहरा बघून अक्का उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मावशीचं मनगट घट्ट धरलं. मागून मास्तरीण आली, एका हाताने भिंतीला धरत, आणि तिनेच सांगितलं. गाठ हाताला लागत नाहीये. मशीनलाही दिसत नाहीये. पाय जातायत, पण परत येतील म्हणतात.

मावशी रडायला लागली. अक्काही रडल्या, पण त्यांनी आधी पर्समधून रुमाल काढून मावशीला दिला आणि मग स्वतःसाठी दुसरा शोधत बसल्या. थोरली आईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. मास्तरणीने तिच्या कानात काही तरी सांगितलं. काय ते बाकीच्यांना ऐकू आलं नाही, पण थोरली हसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले.

*

सासूबाई दुपारपासून पुढच्या खोलीच्या खिडकीत बसून होत्या. शाळेतून आलेली धाकटी त्यांच्याजवळ जमिनीवर चित्र काढत होती. फोन दोनदा वाजला होता. ठरल्याप्रमाणे त्यांनी उचलला नव्हता आणि धाकटीलाही उचलू दिला नव्हता. वेळ जाता जात नव्हता. हातात जपमाळ घ्यावी असंही वाटलं नाही. त्या नुसत्या रस्त्याकडे बघत होत्या.

धाकटीनेच आधी गाडी पाहिली. छपरावरचा फलक दुरून ओळखू यायचा. ती उठून खिडकीला नाक लावून उभी राहिली. गाडी सावकाश, अगदी सावकाश घरापाशी आली. चष्मेवाला स्टिअरिंगवर पुढे वाकून बसला होता. तो मास्तरणीचा सगळ्यात कच्चा विद्यार्थी होता. एरवी त्याने गाडी चालवली की ती शेजारून सारख्या सूचना करायची, आरसा बघ, गिअर बदल, एवढ्या जवळून नको. आज शेजारच्या जागेवर थोरली होती. आणि मागे, अक्का आणि मावशी यांच्या मधोमध, मास्तरीण होती. तिचं डोकं अक्कांच्या खांद्यावर पडलं होतं, तोंड जरासं उघडं, रुमाल एका बाजूला सरकलेला. ती गाढ झोपली होती. इतके महिने तिला दिवसा झोप लागत नव्हती, रात्रीही तुकड्यातुकड्यांनीच.

गाडी दारासमोर थांबल्यासारखी झाली. मग आत अक्कांनी एक हात वर केला, बोट ओठांवर ठेवलं आणि पुढे चल अशी खूण केली. गाडी तशीच पुढे निघाली आणि कोपऱ्यावरून वळली.

"आजी, थांबले का नाहीत?" धाकटीचा आवाज कापरा झाला होता. "आपल्याला सांगायचं नाहीये का त्यांना? काही वाईट झालंय?"

सासूबाईंच्या या वयापर्यंत या दाराशी आणि याआधीच्या दारांशी बऱ्याच बातम्या येऊन गेल्या होत्या. नवऱ्याची, भावाची, एका लेकराची. त्या सांगायला आलेली माणसं त्यांना आठवत होती. एकही रेंगाळलं नव्हतं. सगळे घाईने पायऱ्या चढून आत आले होते.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "वाईट सांगायचं असलं की माणसं दारावरून पुढे जात नाहीत."

त्यांनी काठीला हात घातला आणि धाकटीला चहाचं आधण ठेवायला पिटाळलं, सगळ्यांपुरतं, जरा जास्तच. मग त्या पुन्हा खिडकीशी वळल्या. काही वेळाने गाडी दुसऱ्या बाजूने पुन्हा आली. मावशीने आतून हात हलवला. अक्कांनी आताही पुढे जायचीच खूण केली.

सासूबाईंनीही आतून हात केला. जा, म्हणाल्या, अजून एक चक्कर मारून या.